घराभोवतीचे रंगीत, गोल जाळ्याचे कोळी : ओळख आणि शंका

अष्टपाद

भाद्रपद उजाडला की फोटो यायला लागतात. "गेटवर हा कोण बसलाय?", "विषारी आहे का?", "नाव सांगा लवकर". फोटोत एक धुरकट पिवळा ठिपका असतो आणि मागची दुचाकी मात्र लख्ख फोकसमध्ये. दरवर्षी चर्चेच्या सुट्या सुट्या धाग्यांवर तीच उत्तरं लिहिण्यापेक्षा एका जागी लिहितोय. शंका इथेच विचारा.

इथे फक्त आऱ्यांचं गोल जाळं विणणारे कोळी घेतले आहेत. छताच्या कोपऱ्यात जळमटं करणारे काडीपायांचे कोळी, रात्री मोरीत दिसणारा तळहाताएवढा चपटा कोळी, खिडकीत उड्या मारून माश्या टिपणारा केसाळ बुटका, हे तिघेही गोल जाळं विणत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा धागा काढा.

आधी एक सवय मोडायची: रंगावरून नाव शोधायची. एकाच जातीत पिवळट, तपकिरी, पांढुरकी अशी सगळी मंडळी असतात. नुकतीच कात टाकलेला कोळी फिकट दिसतो. पिल्लं मोठ्यांसारखी दिसत नाहीत आणि नर तर मादीच्या जातीचा वाटतच नाही. म्हणून क्रम असा ठेवा: जाळं, मग बसण्याची ढब, मग पोटाचा आकार, आणि रंग सगळ्यात शेवटी.

जाळ्याचे चार भाग लक्षात ठेवा. बाहेरचे चौकटीचे धागे, जे भिंतीला किंवा फांदीला बांधलेले असतात. मधून बाहेर जाणारे आरे. आऱ्यांवर फिरवलेलं चिकट वेटोळं, ज्यावर उन्हात बारीक थेंब चमकतात. आणि मधली नाभी, जिथे कोळी बसतो.

आता जाळ्यावरून ओळख.

नाभीजवळ जाड पांढऱ्या रेशमाची नागमोडी शिवण, पूर्ण फुलीसारखी किंवा फुलीचे एक-दोनच हात: आर्जिओपे, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे सिग्नेचर स्पायडर म्हणतात तो.

उन्हात सोनेरी दिसणारा धागा, हात पसरले तरी पुरत नाहीत एवढं जाळं, नाभी मधोमध नसून वरच्या कडेकडे: नेफिला, म्हणजे जायंट वूड स्पायडर.

नाभीतून उभी गेलेली कचऱ्याची रेघ, त्यात खाल्लेल्या किड्यांची टरफलं: सायक्लोसा. कोळी जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा आणि त्या रेघेतच बसलेला, त्यामुळे आधी जाळं दिसतं, कोळी नंतर.

मच्छरदाणीसारखी बारीक, आडवी जाळी, मधे तंबूसारखी उचललेली, वर-खाली धाग्यांचा गुंता: सिर्टोफोरा. ही जाळी चिकट नसते, बोट लावून बघा.

आडवं किंवा तिरकं चाक, मधोमध भोक, कोळी खालच्या बाजूला लटकलेला: ल्युकॉज किंवा त्याचे भाऊबंद.

चौकटीच्या धाग्यांवर कापसाचे बारीक पुंजके ओळीने: गॅस्टरॅकँथा, काट्यांचा.

रात्री आठला जाळं आहे, सकाळी सातला नाही: बहुधा नेओस्कोना.

प्रत्येकाबद्दल सविस्तर खाली लिहूच.

परसबागवाली

लिलीच्या वाफ्यात फुलीवाला बसला आहे. पण याला चारच पाय आहेत! शिवाय शेजारच्या जाळ्यात तसाच पण लहान, त्याच्याकडे फुली नाही, बशीसारखी गोल नक्षी आहे. दोन वेगळ्या जाती का?

अष्टपाद

परसबागवाली ताई, पाय आठच आहेत. आर्जिओपे दोन-दोन पाय जुळवून बसतो, त्यामुळे लांबून चार जाड पाय आणि त्यांचीच एक फुली दिसते. शिवणीची फुली त्याच रेषेत असते. फोटो मोठा करून बघितला तर पायांच्या टोकांशी फट दिसते.

लहानग्याकडची गोल नक्षी हे पिल्लाचं लक्षण. आर्जिओपेची पिल्लं नाभीभोवती गोल चकतीसारखी शिवण घालतात, मोठी होताना फुलीवर येतात. मोठी मादीसुद्धा रोज फुली घालेलच असं नाही. आज चार हात, उद्या दोन, परवा काहीच नाही. तेव्हा "फुली नाही म्हणजे सिग्नेचर नाही" असं म्हणू नका. फुली असेल तर मात्र दुसरं नाव शोधायची गरज नाही.

भिंगवाला

वरच्यात भर.

आर्जिओपे एवढं म्हणणं सोपं आहे. पुढचं नाव लावायची घाई नको. आपल्याकडे घराभोवती प्रामुख्याने आर्जिओपे अनसूजा आणि आर्जिओपे पुल्केला. दोघींचं पोट पंचकोनी, दोघींवर पिवळे-तपकिरी-पांढरे आडवे पट्टे, दोघींच्या डोक्याकडचा भाग चंदेरी केसांनी झाकलेला, आणि शरीर साधारण सेंटिमीटरभर. फोटोवरून दोघींत भेद करणारे बरेच आहेत, पण खात्री होते ती मादीच्या पोटाखाली असलेल्या जननांगाच्या रचनेवरून, आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. मी फोटोखाली "आर्जिओपे, जात अनिश्चित" लिहितो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

तिसरी आर्जिओपे एम्युला फोटोवरूनही वेगळी काढता येते: पोट पंचकोनी नसून लांबट अंडाकृती, आणि रुंद पट्ट्यांऐवजी बारीक आडव्या रेघा दाट. आकारानेही ती मोठी.

आणखी एक. कोळ्याची लांबी म्हणजे डोळ्यांपासून पोटाच्या टोकापर्यंत. पाय धरायचे नाहीत. "पाच इंची कोळी" असं लिहून येतं तेव्हा त्यात साडेतीन इंच पायच असतात.

नाक्यावरचा

ती शिवण कशासाठी असते? लहानपणापासून ऐकतोय की कोळी सही करतो.

भिंगवाला

यावर शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे आणि अजून मिटलेला नाही. ती शिवण अतिनील प्रकाश परावर्तित करते, त्यामुळे किडे ओढले जातात, असं एक म्हणणं. पक्ष्यांना जाळं दिसावं आणि त्यांनी ते उडता उडता फाडू नये, हे दुसरं. कोळ्याचा आकार लपवते किंवा मोठा भासवते, हे तिसरं. वेगवेगळ्या जातींवरच्या प्रयोगांत वेगवेगळी उत्तरं आली आहेत. जाळ्याला मजबुती म्हणून असते हे जुनं मत मात्र आता फारसं कोणी धरत नाही, कारण शिवण जाळ्यावर सैलसर पडलेली असते.

सह्यसांज

नेफिलाबद्दल मी लिहितो, कारण "काळा-पिवळा" या एका शब्दामुळे आर्जिओपे आणि नेफिला यांची सगळ्यात जास्त गल्लत होते.

नेफिला पिलिपेस. जुन्या पुस्तकांत नेफिला मॅक्युलाटा असं नाव सापडेल, तीच ही. मादीचं शरीर ३ ते ५ सेंटिमीटर. पोट लांबट, नळकांड्यासारखं, काळपट आणि त्यावर पिवळ्या रेघा. पाय लांब, काळे. पाय जुळवून फुली करत नाही. शिवण नाही. येऊर, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, कोकण, गोवा इथे जंगलाला लागून घर असेल तर विजेच्या तारा, गच्चीचा कठडा आणि आंब्याची फांदी यांच्यामध्ये ही बसते. दाट शहरात ती क्वचितच.

जाळ्याची एक खूण अशी की ती कळली की वीस फुटांवरूनही नेफिला ओळखता येते. इतर गोल जाळ्यांचे कोळी आधी तात्पुरतं, न चिकटणारं वेटोळं घालतात आणि चिकट वेटोळं विणताना ते काढून टाकतात. नेफिला ते तसंच ठेवते. त्यामुळे जाळ्यात चार-पाच रेघा जवळ जवळ, मग एक वेगळी रेघ, पुन्हा चार-पाच रेघा असं दिसतं. संगीताच्या पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या ओळी बघितल्या असतील तर तसंच.

ही रोज नवं जाळं घालत नाही, फाटलेला भाग तेवढा दुरुस्त करते. म्हणून जाळं महिनाभर एकाच जागी दिसतं.

आता तक्रार येते ती अशी: "मोठ्या कोळ्याच्या जाळ्यात तिची पिल्लं फिरताहेत." ती पिल्लं नव्हेत. तांबूस, ५-६ मिलिमीटरचे दोन-तीन जण वरच्या बाजूला असतील तर ते नर. आणि चंदेरी थेंबासारखे, त्याहूनही लहान असतील तर ते अर्जिरोडेस नावाचे वेगळेच कोळी, मोठीच्या जाळ्यात अडकलेले बारीक किडे चोरून खाणारे. एका जाळ्यात तिन्ही सापडतात.

दुसरी जात नेफिला कुल्ली: अंग काळं, पाय लालसर. रंग शेवटी बघावा हे खरं, पण लाल पाय आणि सोनेरी जाळं एकत्र दिसलं तर इथे रंगावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

अटलांटाकर

इथे जॉर्जियात मागच्या अंगणात, ओट्याच्या खांबांना आणि वीजमीटरच्या पेटीला सोनेरी जाळी लागली आहेत. शेजारी म्हणतात जोरो. आपल्या नेफिलासारखाच दिसतो. तोच का?

सह्यसांज

जवळचा नातेवाईक. ट्रायकोनेफिला क्लॅव्हाटा, मूळचा जपान-कोरिया-चीनकडचा. आपल्याकडे हिमालयाच्या भागात आणि ईशान्येतही आहे. जॉर्जियात तो २०१४ च्या सुमारास लक्षात आला, मालाच्या कंटेनरमधून गेला असावा असं मानतात.

तुमच्याकडे तीन काळे-पिवळे कोळी गल्लत करतील. जोरोच्या मादीच्या पोटावर वरून पिवळे आणि निळसर-राखाडी आडवे पट्टे असतात, आणि पोटाखाली मागच्या बाजूला लाल डाग. पायांवर पिवळे कडे, केसांचे झुपके नाहीत. तिकडचीच मूळची सोनेरी जाळ्याची ट्रायकोनेफिला क्लॅव्हिपेस असेल तर पायांवर बाटली धुण्याच्या ब्रशसारखे झुपके दिसतात. आणि जाळं पांढरं, त्यात एकच उभी नागमोडी शिवण असेल तर ती आर्जिओपे ऑरँशिया. तीन फोटो काढा: पाठ, पोट, पूर्ण जाळं. पोटाखालचा लाल डाग दिसला की पुढे विचार करायला नको.

अष्टपाद

अॅपबद्दल इथेच सांगतो. फोनमधलं ओळखीचं अॅप महाराष्ट्रात काढलेल्या फोटोला बेधडक "आर्जिओपे ऑरँशिया" किंवा "गॅस्टरॅकँथा कँक्रिफॉर्मिस" म्हणतं. दोन्ही अमेरिकेतले. अॅपने सुचवलेलं नाव घेतलं की त्या जातीचा नकाशा उघडा. भारतात एकही ठिपका नसेल तर प्रजातीचं नाव, म्हणजे पहिला शब्द, ठेवा आणि पुढचं खोडा. आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाकताना ठिकाण आणि तारीख भरलीत तर माणसं तपासून नाव देतात.

कुडाळवाला

काट्याचा कोळी आमच्याकडे काजूच्या कलमांत भरपूर. पांढरा-काळा आणि पिवळा-काळा दोन्ही दिसतात. एकच का?

भिंगवाला

बहुतेक वेळा एकच. आपल्या बाजूला सगळ्यात नेहमीचा गॅस्टरॅकँथा जेमिनाटा. मादीचं पोट रुंदीला जास्त, लांबीला कमी, वरून कडक कवचासारखं, आणि कडेने काट्यांच्या तीन जोड्या. पिवळे किंवा पांढरे पट्टे, मधे काळे. कोळी मोठा होताना पिवळा-पांढरा बदल होतोच, तेव्हा त्यावर जाऊ नका. बघायचं ते काट्यांच्या लांबीचं प्रमाण आणि काटे कुठून फुटतात ते. त्यासाठी अगदी सरळ वरून, पोट पूर्ण पसरलेलं दिसेल असा एक फोटो पाहिजे. तिरक्या फोटोत मागचे काटे आखूड भासतात आणि भलतीच जात निघते.

नराला लांब काटे नसतात, अंगानेही तो अगदी बारीक. तो सापडला तर मलाही कळवा.

धाग्यांवरचे पुंजके मात्र न चुकता बघा. कोळी पानाआड गेला असला तरी ते जागेवर असतात.

परसबागवाली

हिरव्या पाठीचा एक आहे कढीपत्त्यावर. पाठीवर मिशीवाल्या माणसाचा चेहरा काढल्यासारखं काळं-पांढरं चित्र. पान गुंडाळून आत बसतो.

भिंगवाला

आरेनिअस मिटिफिकस. बटाट्याच्या वेफर्सच्या डब्यावरच्या मिशीवाल्याची आठवण होते म्हणून इंग्रजीत त्याच नावाने ओळखतात. शरीर सेंटिमीटरच्या आतबाहेर, पोट गोलसर, फिकट हिरवं-पांढरं, मागच्या भागात काळा पट्टा. जाळं गुंडाळलेल्या पानाच्या शेजारी असतं आणि पानापासून नाभीपर्यंत एक ताणलेला धागा. त्या धाग्यावर पाय ठेवून तो आत बसतो. पान उलगडू नका, खालून मोबाइल नेऊन फोटो काढा.

हिरवा रंग दिसला की "गोल जाळ्याचा" असंही समजू नका. पायांवर लांब काळे काटे, अंग लांबट, आणि जाळं कुठेच नाही, पानावर दबा धरून बसलेला असेल तर तो लिंक्स कोळी, प्यूसेशिया.

नाक्यावरचा

गॅलरीतल्या दिव्याखाली रोज संध्याकाळी एक तपकिरी, गुबगुबीत कोळी जाळं घालतो. सकाळी जाळं गायब. कोणी झाडलेलं नाही.

अष्टपाद

नेओस्कोना. घराभोवती सगळ्यात जास्त संख्येने असणारा आणि सगळ्यात कमी फोटो निघणारा, कारण दिवसा तो कठड्याच्या फटीत पाय आवळून बसलेला असतो. जाळं तो स्वतःच खातो. रेशीम म्हणजे प्रथिनं. रात्रीचं जाळं पोटात, त्यातूनच उद्याचं. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन थांबलात तर अर्ध्या-पाऊण तासात पूर्ण जाळं विणताना दिसेल. आधी चौकट, मग आरे, मग तात्पुरतं वेटोळं आतून बाहेर, आणि शेवटी चिकट वेटोळं बाहेरून आत. प्रत्येक आऱ्याला मागच्या पायाने धागा टेकवतो, तेवढं बघायला मिळालं तरी उभं राहणं वसूल.

दिव्याजवळ, भिंतीला, करड्या-तपकिरी रंगाचा असेल तर नेओस्कोना नॉटिका असण्याची शक्यता जास्त. बागेत, पाठीवर मधोमध फिकट नागमोडी पट्टा असेल तर नेओस्कोना थाइसी. पण या गटात एकाच जातीत इतके रंग आहेत की मी पैज लावणार नाही.

भिंगवाला

नेओस्कोना आणि आरेनिअस यांची गल्लत टाळायची एक खात्रीची खूण: डोक्याकडच्या भागाच्या पाठीवर मधोमध एक खाच असते. नेओस्कोनात ती उभी, म्हणजे शरीराच्या लांबीच्या दिशेने. आरेनिअसच्या मादीत ती आडवी. मोबाइलला चिमट्याची मॅक्रो लेन्स लावली आणि प्रकाश बाजूने टाकला तर दिसते. समोरून फ्लॅश मारला की खाच भरून निघते, काहीच दिसत नाही.

आपल्याकडे या दोन प्रजातींचं वर्गीकरण नीट लावण्याचं मोठं काम बी. के. टिकादर यांनी केलं. पुण्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात ते बरीच वर्षं होते.

सह्यसांज

चंदेरी-हिरव्या ल्युकॉजबद्दल कोणी लिहिलं नाही. कुंड्यांत पाणी साचतं, पाणवनस्पतींचं टाकं आहे, अशा घरी हा हमखास. पोट लांबट, चांदीच्या वर्खासारखं, त्यावर बारीक गडद रेघा, पाय हिरवट. जाळं तिरकं किंवा आडवं, नाभीत भोक.

याला धक्का लागला की दोन-चार क्षणांत चांदी काळवंडते. म्हणून पहिला फोटो लांबूनच काढा. जवळ गेल्यावर काढलेला दुसरा फोटो दुसऱ्याच जातीचा वाटू शकतो. खात्रीसाठी सगळ्यात मागच्या पायाची मांडी बघा, तिच्यावर लांब केसांची झालर असते. झालर मांडीवर नसून पुढच्या भागावर जाड ब्रशसारखे केस असतील, आणि अंगावर केशरी-निळा रंग असेल, तर ओपाडोमेटा. तो घाटमाथ्याच्या झाडीत जास्त.

नाक्यावरचा

फोटो नीट कसा काढायचा तेही एकदा लिहा. माझा फोकस भिंतीवरच जातो.

अष्टपाद

कोळ्याच्या मागे तळहात धरा, तळहातावर फोकस येऊ द्या, स्क्रीनवर बोट दाबून तो पक्का करा आणि मग हात काढा. कॅमेरा अगदी जवळ नेऊ नका; एक फुटावरून दुप्पट झूम घेतलं तर चित्र स्वच्छ येतं आणि कोळी पळत नाही. मागे काळी छत्री उघडून धरली तर जाळं उठून दिसतं.

काय काय हवं ते सांगतो. पाठ सरळ वरून. पोटाची खालची बाजू, म्हणजे जाळ्याच्या दुसऱ्या बाजूने. आर्जिओपे मात्र धक्का लागला की नाभीतून पलीकडे जाते, मग तुम्हीही शांतपणे पलीकडे जा. पूर्ण जाळं, चौकटीसकट. आणि जवळ धरलेली पट्टी, जाळ्याला न लावता. सोबत लिहा: गाव, महिना, वेळ, जमिनीपासून उंची, जाळं उभं की आडवं.

नर की मादी हे तोंडाशी असलेल्या दोन आखूड पायांसारख्या अवयवांवरून कळतं. त्यांची टोकं बॉक्सिंगच्या हातमोज्यांसारखी फुगलेली असतील तर वयात आलेला नर.

गच्चीवाला

जाळं दिसण्यासाठी टाल्कम पावडर मारतात ना? व्हिडिओत बघितलं आहे.

भिंगवाला

कृपा करून नको. पावडरने चिकट थेंब कोरडे पडतात, जाळं निकामी होतं, आणि नेफिला किंवा सिर्टोफोरासारखा जाळं टिकवून ठेवणारा कोळी असेल तर त्याची कित्येक दिवसांची मेहनत गेली. पाणी चालेल, पण कुंड्यांना मारतो त्या बारीक फवाऱ्याने, दोन फुटांवरून, एक-दोनदाच. मोठे थेंब पडले की जाळं झोळ घेतं.

सह्यसांज

माझं मत विचाराल तर पाणीही नको. पहाटे दव असतं, साडेसहाला उठा.

भिंगवाला

मुंबईत गॅलरीत दव कुठून आणायचं?

परसबागवाली

दसऱ्याची साफसफाई काढायची आहे. फुलीवाली दारातच आहे आणि कुंडीला चपटी, मळकट उशीसारखी पिशवी चिकटवली आहे. मारायचं नाही, पण दार तर हवं.

अष्टपाद

साफसफाई आणि यांची अंडी घालायची वेळ नेमकी एकच येते. पाऊस सुरू झाल्यावर निघालेली पिल्लं सप्टेंबर-ऑक्टोबरात पूर्ण वाढतात, तेव्हाच ती तुम्हाला दिसू लागतात.

कोळी हलवायला रुंद तोंडाची पारदर्शक बरणी आणि जाड पुठ्ठा घ्या. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. बरणी कोळ्याच्या खाली धरा, वर नव्हे, कारण घाबरला की तो धागा सोडून खाली पडतो. पुठ्ठ्याच्या कडेने जाळं वरून हलकं हलवा, तो बरणीत उतरला की वरचा धागा कापा आणि पुठ्ठा ठेवा. चिमटीत धरू नका. पाय तुटतो. वयात यायच्या आधी तुटलेला पाय पुढच्या कातीला परत येतो, मोठ्या मादीचा येत नाही.

सोडताना झुडपात कंबरेच्या उंचीवर बरणीचं तोंड फांदीला लावा आणि तिला आपापली चढू द्या. दारापासून पंधरा-वीस पावलं तरी लांब.

अंड्यांची पिशवी ओढू नका. ती ज्या धाग्यांनी चिकटली आहे ते ब्लेडने भिंतीलगत कापा, किंवा पानावर असेल तर पान देठासकट कापा, आणि सावलीतल्या झुडपाला दोऱ्याने बांधा. मुंग्यांची वाट असलेली फांदी टाळा. मुंग्या एका रात्रीत पिशवी रिकामी करतात.

दारात पुन्हा पुन्हा जाळं येत असेल तर ते मधून फाडून उपयोग नाही. वरचा आडवा धागा, ज्यावर सगळं टांगलेलं असतं, तो काढा. तो राहिला की कोळी रात्रीत त्याच्याच आधाराने नवं घालतो. तीन-चार संध्याकाळी सलग काढला, आणि दारावरचा पांढरा दिवा बदलून मंद पिवळा लावला, म्हणजे किडे कमी होतात आणि कोळी आपणहून जागा बदलतो.

गच्चीवाला

जाळ्यात मेलेला कोळी लटकतोय, शेजारी जिवंत तसाच. भांडणात मारला का?

अष्टपाद

हलका फुंकर मारून बघा. पोकळ, पारदर्शक, आणि डोक्याकडचा भाग झाकणासारखा उघडलेला असेल तर ती कात.

कुडाळवाला

आमच्याकडे कोळी अंगावरून गेला की चट्टा उठतो म्हणतात. दरवर्षी पावसाळ्यात दोन-चार जणांना खरंच उठतो. मानेवर लांब जळल्यासारखी रेघ, बारीक फोड.

पांढराकोट

त्वचेवरची ती रेघ बहुतेक वेळा कोळ्याची नसते. पेडेरस नावाचा केशरी-काळा, मुंगीसारखा लांबट भुंगेरा पावसाळ्यात दिव्यावर येतो. तो चावत नाही. मानेवर बसला आणि हाताने चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन हे द्रव्य त्वचेला लागतं. आग लगेच होत नाही, साधारण १२ ते ४८ तासांनी रेघ उठते, म्हणून कारण लक्षात येत नाही आणि आळ जाळ्यातल्या कोळ्यावर. कोपराच्या घडीत समोरासमोर दोन चट्टे उठले असतील तर ही शक्यता आणखी पक्की.

अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा, चिरडू नका. चिरडला गेलाच तर साबण-पाण्याने लगेच धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. डोळ्याजवळ उठलं तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी.

वर आलेल्या कोळ्यांपैकी माणसाच्या जिवावर बेतेल असा एकही नाही. दाबला तर चावू शकतो. दुखणं मधमाशीच्या डंखाइतकं किंवा कमी. धुवा, बर्फ लावा. श्वासाला त्रास, ओठ सुजणं असलं काही दिसलं तर थांबू नका, ते कुठल्याही डंखाला लागू आहे.

भिंगवाला

एक गट तर असा आहे की ज्याला विषग्रंथीच नाहीत. युलोबोरिडी. त्यातला झोसिस जेनिक्युलाटा थेट घरात, टेबलाखाली किंवा माळ्यावर आडवं गोल जाळं घालतो. धाग्यावर थेंब नसतात, लोकरीसारखा निळसर, केसाळ धागा असतो. भक्ष्याला तो शेकडो वेढे देऊन आवळतो.

गच्चीवाला

शेवटचा एक. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला चिकटून चपटा कोळी, पांढुरका, पोटाच्या कडा दातेरी, ठिपके ठिपके. डोक्याकडे तांबूस. जाळं गोल नाही, भिंतीला समांतर उभ्या शिडीसारखं. हा या धाग्यात बसतो का?

भिंगवाला

बसतो! हेरेनिया मल्टिपंक्टाटा असावी, नेफिलाचीच नातेवाईक. नेहमी झाडाच्या खोडावर असते, पण घरांच्या भिंतींवरही येते. जाळं भिंतीपासून बोटभर अंतरावर, वर-खाली लांबट, आणि नाभी थेट भिंतीला टेकलेली, वाटीसारखी. कोळी त्या वाटीत चपटा होऊन बसतो, त्यामुळे बाजूने बघितलं तर दिसतच नाही. टॉर्च भिंतीला चिकटवून धरा म्हणजे प्रकाश सपाट पडेल, आणि पट्टी ठेवून एक फोटो इथे टाका. टाकीला रंग मारणारे येण्याआधी.